दार तेच, नाव निराळं

दुसऱ्याच्या नावानं विकलेली मोटार ओळखायची असेल तर तिच्या तोंडाकडे पाहू नये, दारांकडे पाहावं. जाळी, बंपर, दिवे, चाकांवरच्या टोप्या हा सगळा बदलायला स्वस्त माल. दाराचं तसं नसतं. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, बिजागऱ्या, कुलूप, काच वर-खाली नेणारी यंत्रणा, पाणी अडवणारं रबर या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. प्रेस शॉपमधल्या त्यासाठीच्या डाय अतोनात महाग, आणि दाराचा आकार बदलला की शेजारचा खांबही बदलावा लागतो. म्हणून दोन कंपन्या एकच गाडी वाटून घेतात तेव्हा दारं, छप्पर आणि पुढची काच बहुधा मूळचीच राहतात. चाकणच्या एकाच कारखान्यातून निघालेल्या फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड शेजारी शेजारी उभ्या असल्या तर पुढून त्या दोन वेगळ्या घरच्या दिसतात. आता बाजूला जाऊन दोघींच्या हँडलांच्या उंचीवरून जाणाऱ्या पत्र्याच्या घडीवर नजर फिरवा. घडी एकच आहे.

यात लबाडी पाहणारे पाहोत. मला त्यातली कारागिरी पाहायला आवडते. हाताशी पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा, मोठ्या पत्र्याला हात लावायची मुभा नाही. आणि तरी त्या नव्या नावावर वर्षानुवर्षं जीव लावलेल्या गिऱ्हाइकाला आत बसल्यावर आपल्या घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. मग बदल करायचा तो नेमका कुठे? या प्रश्नाची काही उत्तरं फार सुंदर आहेत, काही हास्यास्पद, आणि एक तर आपल्या पुण्यातलं आहे.

सुंदर उत्तरांपासून सुरुवात करायची तर इंग्लंडमध्ये जावं लागतं. १९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस ही दोन हाडवैरी घराणी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन उभी राहिली. मालक एक झाले, पण गावोगावचे विक्रेते वेगळेच राहिले. ऑस्टिनवाल्याला ऑस्टिनच हवी, मॉरिसवाल्याला मॉरिस. त्या हट्टातून १९६२ नंतर एक अजब संसार उभा राहिला. मिनी घडवणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिसनं ११०० नावाची गाडी रचली : इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, रेषा इटलीच्या पिनिनफरिनाच्या, आणि स्प्रिंगांऐवजी रबर व द्रव यांवर तोललेलं सस्पेन्शन, ज्यात एका बाजूची पुढची आणि मागची चाकं नळीनं एकमेकांशी जोडलेली. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागचं सावरून घ्यायचं. ही एक गाडी मॉरिस, ऑस्टिन, एमजी, वुल्झली, रायली आणि व्हॅन्डन प्लास अशा सहा नावांनी विकली गेली. एका ताग्यातून अख्ख्या घरादाराचे कपडे शिवावेत तसा प्रकार. फक्त इथला शिंपी पक्का होता.

त्याची पहिली हुशारी पाहा. मॉरिस आणि ऑस्टिन यांच्यात फरक हवा, पण दोन्ही मध्यमवर्गाच्या, तेव्हा कुणाला कमी-जास्त दाखवायचं नाही. म्हणून ऑस्टिनच्या जाळीच्या आडव्या पट्ट्यांना नुसती लाट दिली. सरळ पट्टी आणि लाटेची पट्टी, एवढ्यात दोन शोरूम सुखी. एमजीला मात्र नुसत्या लाटेवर भागलं नसतं, कारण एमजीचा माणूस वेगाचा. त्याच्या गाडीला दोन कार्ब्युरेटर मिळाले. म्हणजे फरक बॉनेटच्या वर उभ्या पट्ट्यांच्या जाळीत आणि अष्टकोनी बिल्ल्यात होता, तसाच बॉनेटच्या खालीही होता. रायलीच्या मालकाला लाकडात बसवलेले गोल डायल लागत, ते त्याला मिळाले. बाहेरून हे बदल अंगठ्याएवढे आहेत. पण त्या त्या नावाच्या माणसाची नजर ज्या जागी पहिल्यांदा जाणार, ती जागा एकदाही चुकलेली नाही.

माझ्या लेखी या सगळ्याचा कळस म्हणजे वुल्झलीचा दिवा. १९३० च्या दशकापासून वुल्झलीच्या जाळीवर मधोमध एक छोटा लंबगोल बिल्ला असे आणि साइडलाइट लावल्या की तो आतून उजळे. अंधारात समोरून येणारी गाडी कुठली हे लांबूनच कळायचं. जुन्या इंग्रजी चित्रपटांतल्या पोलिसांच्या काळ्या वुल्झली ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ते आठवेल. ११०० ला वुल्झली करताना हा दिवा ठेवला. खर्च किती? एक इवलासा बल्ब आणि हातभर वायर. कुळाचा आख्खा अभिमान एवढ्या वायरीवर तोलणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात दाद देतो.

व्हॅन्डन प्लासची तऱ्हा उलटी. लंडनच्या किंग्जबरीतला हा जुना, श्रीमंतांच्या गाड्या सजवणारा कारखाना. तिथे हीच छोटी गाडी आत गेली की अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, कातडी सीटा, जाड गालिचे लेवून बाहेर यायची, आणि पुढच्या सीटांच्या पाठीला घडीची छोटी मेजं असत. मागं बसलेल्यानं मेज उघडून त्यावर चहाचा कप ठेवावा. गाडी किती, मेज किती! पण ही गाडी घेणारा बहुधा आयुष्यभर मोठ्या गाड्या वापरून आता छोटीवर उतरलेला माणूस असणार, हे ओळखून ती मेजं ठेवली आहेत. त्याला जागा कमी चालेल, शिष्टाचार कमी चालणार नाही. माणूस इतका बारकाईनं वाचलेला असला की लाकडाच्या चार फळ्याही पुरतात.

चांगली गाडी आणि चांगलं वेषांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साबच्या जोडीत स्वच्छ दिसतं. स्वीडनच्या साबमध्ये किल्ली स्टिअरिंगपाशी नसे. ती दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ. अपघातात गुडघा किल्लीवर आपटू नये हे एक कारण. शिवाय गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली निघायची नाही, म्हणजे चोरालाही अडसर. साबच्या माणसाचा हात गाडीत बसताच आपोआप खाली जातो. पुढे साब अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची झाली आणि मालकांनी तिच्या नावावर दोन परक्या गाड्या चढवल्या. ९-७एक्स म्हणजे ओहायोत बनलेली, शेव्हरोले ट्रेलब्लेझरची भावंड असलेली धिप्पाड एसयूव्ही. तिच्यात साबपण शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. पण किल्ली? किल्ली त्यांनी उचलून सीटांच्या मध्ये आणली. मूळ गाडी त्यासाठी आखलेली नसताना कुलूप, वायरिंग, कन्सोल सगळं हलवलं. त्या अवजड अमेरिकन देहात एवढीच एक जागा अस्सल स्वीडिश आहे, आणि ती नेमकी हात जातो तिथेच आहे.

दुसरी ९-२एक्स. ही मुळात जपानची सुबारू इम्प्रेझा, २००४ मध्ये आलेली. चालवायला ती ९-७एक्सपेक्षा कितीतरी सरस; साबच्या माणसांनी सस्पेन्शनवर काम केलं, आवाज अडवणारी अस्तरं वाढवली, तोंड तर झकास बदललं. पण दार उघडा : काचेला चौकट नाही. त्या काळच्या इम्प्रेझाची ती ठळक खूण. आत बसा, हात खाली न्या, तर तिथे काहीच नाही, किल्ली स्टिअरिंगपाशी. अमेरिकेतल्या शौकिनांनी तिला ‘साबारू’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव बिल्ल्यापेक्षा जास्त टिकलं.

हास्यास्पद उत्तरांत अल्फा रोमिओ आर्नाचा मान पहिला. १९८० मध्ये अल्फा आणि निसान एकत्र आल्या. कोणीही म्हणेल, रूप इटलीचं घ्यावं, यंत्र जपानचं. त्यांनी बॉडी निसान चेरीची घेतली आणि इंजिन अल्फाचं. जपानहून भाग यायचे आणि नेपल्सच्या बाजूला प्राटोला सेर्रात जोडले जायचे. आर्नाच्या बाजूनं चालत गेलं की सरळसोट, गुणी, कुणाच्याही लक्षात न राहणारं निसानचं दार दिसतं. आणि त्यावर अल्फाचा साप-क्रुसाचा बिल्ला. मात्र बॉनेटखाली अल्फासूदचं बॉक्सर इंजिन होतं, आणि ते सुरू झालं की घसा खाकरून गायला बसणारं इंजिन होतं. डोळे मिटून चालवता आली असती तर ही गाडी खपली असती. १९८७ मध्ये नव्या मालकानं, म्हणजे फियाटनं, ती बंद केली.

होंडा क्रॉसरोडकडे मी मात्र नुसता कौतुकानं पाहतो. १९९३ ते १९९८ या काळात जपानमध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरी होंडाच्या नावानं विकली गेली. होंडानं रस्त्यावरच्या मोटारीसाठी स्वतःचं व्ही-८ इंजिन कधी बनवलं नाही. या गाडीत मात्र व्ही-८ होतं, रोव्हरचं. आणि रोव्हरनं त्या इंजिनाचा आराखडा साठच्या दशकात अमेरिकेच्या ब्यूइककडून घेतलेला. म्हणजे नाव जपानी, देह इंग्रज, हृदय अमेरिकन. त्याआधी दहा-बारा वर्षं इंग्रज कंपनी होंडाच्या गाड्यांवर आपली नावं लावत आली होती. १९८१ ची ट्रायम्फ अक्लेम म्हणजे होंडा बॅलेडच. तेव्हा ही परतफेड. यात बदल जवळपास नाहीत आणि नसलेलेच बरे वाटतात.

अ‍ॅस्टन मार्टिन सिग्नेटवर मात्र बदलांचा पाऊस आहे. युरोपात कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन मोजण्याचे नियम आले, आणि मोठमोठी इंजिनं विकणाऱ्या अ‍ॅस्टननं २०११ मध्ये जेमतेम तीन मीटर लांबीची टोयोटा आयक्यू घेऊन तिला आपलं नाव दिलं. किंमत मूळ गाडीच्या सुमारे तिप्पट. पुढची जाळी अ‍ॅस्टनच्या ठेवणीची, बॉनेटला गरम हवा सोडणाऱ्या भेगा. टोयोटाच्या बेतशीर ९७ अश्वशक्तीच्या इंजिनाला असं किती गरम व्हायचं असतं! आत जिथे जिथे टोयोटाचं प्लास्टिक होतं तिथे तिथे कातडं ताणून शिवलेलं. वळणावळणाच्या पृष्ठभागावर सुरकुती न पडू देता कातडं बसवणं किती अवघड, ते एखाद्या कसबी सीटमेकरला विचारा. ते काम पहिल्या प्रतीचं आहे. पण अ‍ॅस्टनचा माणूस गाडीत बसतो तो इंजिनाच्या आवाजासाठी, आणि तिथे काही केलेलंच नव्हतं. २०१३ मध्ये सिग्नेट थांबली. पुढे २०१८ मध्ये एका गिऱ्हाइकासाठी कंपनीनंच एकमेव सिग्नेटमध्ये आपलं ४.७ लिटरचं व्ही-८ कोंबलं. माझ्या मते खरी सिग्नेट ती एकच.

नाशिकची लोगान अगदी दुसऱ्या टोकाची. रेनोनं ती रुमानियातल्या डाचियासाठी, कमीत कमी खर्चात, २००४ मध्ये काढली. ही गाडी वाचायची ती बाहेरच्या आरशांवरून. डावा आणि उजवा आरसा वेगवेगळ्या आकाराचे असतात असं आपण धरून चालतो. लोगानमध्ये दोन्ही एकच. एकाच साच्यातला तोच भाग दोन्हीकडे लावलेला. दारांवरच्या रबरी पट्ट्यांचीही तीच गोष्ट. आता मागं सरकून पूर्ण गाडी पाहा : कुठल्याच घराण्याची ओळख सांगणारी रेघ तिच्यावर नाही. रुमानियात ती डाचिया झाली, रशियात आणि ब्राझीलमध्ये रेनो, मेक्सिकोत निसान अप्रिओ, इराणमध्ये तोंदर. महिंद्रनं २००७ पासून नाशिकला ती रेनोच्या नावासह बनवली आणि भागीदारी संपल्यावर २०११ मध्ये तिचीच व्हेरिटो झाली. टॅक्सीवाल्यांना नावातल्या फरकानं काही अडलं नाही. चेहराच कोरा ठेवला की मुखवटा चढवायचा खर्च वाचतो. हे सौंदर्य नसेल, पण बुद्धी अव्वल आहे.

चिंचवडच्या प्रीमियर रिओची वंशावळ याहून लांब : जपानची डायहात्सू टेरिओस, तीच टोयोटा कामी, तीच मलेशियात पेरोदुआ केंबारा, चीनमध्ये झोत्ये, आणि तिथून २००९ मध्ये चार मीटरच्या आत बसणारी रिओ, प्यूजोचं डिझेल इंजिन घेऊन. उंच, अरुंद अंगलट आणि पाठीवरचं जादा चाक पाहिलं की पहिली टेरिओस लगेच ओळखू येते. ही प्रीमियर म्हणजे पद्मिनीवाली. तिनं फियाट ११०० ला सत्तरच्या दशकात पद्मिनी केलं तेव्हा गाडी तीच ठेवून फक्त नाव बदललं होतं. मुंबईनं ते नाव कागदोपत्री स्वीकारलं; २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली तोवर लोक तिला फियाटच म्हणत होते.

आता पुण्याचं उत्तर. सिटीरोव्हर.

ती समजायची तर आधी इंडिका समजली पाहिजे. झेनएवढा आकार, अँबॅसेडरएवढी जागा, मारुती ८०० च्या जवळपासची किंमत : रतन टाटांनी मागितलेलं हे त्रांगडं १९९८ च्या अखेरीस पिंपरीतून बाहेर पडलं. ऑस्ट्रेलियातल्या बंद पडलेल्या निसानच्या कारखान्याची यंत्रसामग्री आणून इथे उभी केलेली; रूपरेषा तुरीनच्या आयडिया या संस्थेची. पुन्हा दाराकडे या. इंडिकाचं मागचं दार उंच आहे, छपराची रेघ मागे फारशी खाली येत नाही, म्हणून नऊवारीतली आजीसुद्धा डोकं न आपटता आत जाते. छोट्या गाडीत जागा कुठून काढायची, तर उंचीतून, हे त्या एका दारात लिहिलेलं आहे. आपण ते इतकं रोज पाहिलं की पाहायचं राहूनच गेलं.

तिकडे रोव्हरची दशा अशी की, तिच्या मालकानं, म्हणजे बीएमडब्ल्यूनं, २००० मध्ये मिनी स्वतःकडे ठेवून रोव्हरची मोटार कंपनी नाममात्र दहा पौंडांना विकली. रोव्हर १०० आधीच बंद झाली होती. शोरूममध्ये छोटी गाडीच उरली नाही. म्हणून २००३ मध्ये पुण्याहून इंडिका गेली, १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. सस्पेन्शन कडक केलं, गाडी थोडी खाली बसवली, चौदा इंची चाकं दिली, बंपर बदलले, आणि मधोमध क्रोमच्या कडेची जाळी व रोव्हरचं वायकिंग जहाज. खाली बसवल्यामुळे ती बाजूनं इंडिकापेक्षा खरंच नेटकी दिसते. एवढं श्रेय ज्यानं कुणी ते ठरवलं त्याला दिलं पाहिजे.

पण आत बसल्यावर? रोव्हरच्या माणसाला काय लागे ते रोव्हर ७५ मध्ये पाहावं : लाकूड, क्रोमची बारीक कड, हस्तिदंती रंगाचे लंबगोल डायल. सिटीरोव्हरमध्ये त्यातलं काही नाही. स्टिअरिंगवर जहाज आहे आणि त्याच्यापलीकडे इंडिकाचा डॅशबोर्ड. किंमत ६,४९५ पौंडांपासून पुढे, आणि त्याच सुमारास बाजारात आलेली नवी फियाट पांडा २००४ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ला कंपनीनं चाचणीसाठी गाडी दिली नाही, तेव्हा कार्यक्रमाचा निवेदक जेम्स मे छुपा कॅमेरा घेऊन विक्रेत्याकडे गेला. एप्रिल २००५ मध्ये दहा पौंडांना विकलेली ती कंपनी, म्हणजे एमजी रोव्हर, कोसळली आणि सिटीरोव्हर संपली.

मला याचं वाईट वाटतं ते इंडिकाच्या बाजूनं. चूक पिंपरीच्या पत्र्यात नव्हती. चूक रोव्हरच्या लाँगब्रिजची, आणि लाँगब्रिज म्हणजे ऑस्टिनचा जुना कारखाना, ११०० चे सहा संसार मांडणाऱ्या त्याच घराण्याचं मूळ ठाणं. एका बल्बनं वुल्झली करता येते हे ज्या घराला पूर्वी ठाऊक होतं, त्याला चाळीस वर्षांनी रोव्हरच्या माणसासाठी दोन डायल आणि एक लाकडी पट्टी सुचली नाही.

त्या घराची नावं पुढे विखुरली. एमजी चिनी मालकीची झाली. आपल्या रस्त्यांवर २०१९ पासून दिसणारी एमजी हेक्टर चीनमध्ये बाओजुन ५३०, इंडोनेशियात वुलिंग अल्माझ आणि थायलंडमध्ये शेव्हरोले कॅप्टिव्हा म्हणून विकली गेली. दारं तीच, पाहून घ्या. रोव्हर हे नाव फोर्डकडे गेलं आणि २००८ मध्ये जॅग्वार-लँड रोव्हरच्या खरेदीबरोबर टाटांकडे आलं. ते आजही त्यांच्याच मालकीचं आहे, आणि नुसतं ‘रोव्हर’ म्हणून त्यांनी ते अजून एकाही नव्या गाडीवर लावलेलं नाही.